धुऱ्यावरचं मोहाचं झाड

जिवतीत नवखा माणूस दिसला की लोक आधी 'कुठले?' म्हणून विचारतात आणि लगोलग 'कधी आले?' म्हणून. हा दुसरा प्रश्न इतर गावांत फारसा कुणी विचारत नाही. माणिकगड पहाडावर मात्र त्याचं उत्तर जवळजवळ प्रत्येक घरात तयार असतं. मुखेडहून, अहमदपूरहून, जिंतूरहून. बहात्तरच्या दुष्काळात, नाहीतर त्याच्या थोडं आधी, नाहीतर भाऊबंद आधी येऊन बसले म्हणून मागाहून. हा प्रश्न लागू होत नाही तो फक्त कोलाम आणि गोंडांना. खरं तर विचारायचा हक्क त्यांचा, पण ते विचारत नाहीत.

मी पहाडाखालचा, राजुऱ्याचा. आमचा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडात गेला आणि 1959 पासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. माझे आजोबा ओसरीवरून न उठता तीन जिल्ह्यांत राहिले. त्यामुळे 'मूळचे कुठले' या विषयावर मी सहसा आवाज चढवत नाही. पण पहाडावरच्या ज्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो तिथल्या माझ्या एका सहकाऱ्याचं आणि त्याच्या घरमालकिणीचं या विषयावर बरेच दिवस भांडण चाललंय. चहा मिळतो म्हणून मी तिथे बसतो आणि बसलो की मध्ये ओढला जातो.

सर कोल्हापूरचे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलनं त्यांना चंद्रपूर जिल्हा दिला आणि जिल्ह्यानं जिवती तालुका दिला. डी.एड. झालेत, पण जीव चित्रात. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'ए' ग्रेड होती हे ते अजून सांगतात. मावशी मुखेडकडच्या. सात-आठ वर्षांच्या असताना आईबापांच्या बैलगाडीतून आल्या. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या सरांनी भाड्यानं घेतल्या आहेत. खोल्यांसमोर मावशींचा परस आहे. वालाचा मांडव, दोडका, शेवगा, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि तिच्या बुडाशी अळू, कुंपणाकडेला झेंडू. कुंपणापलीकडे जमीन उतरत जाते. त्या उतारावर मावशींचं शेत, तूर आणि कापूस, आणि त्यामागे सागवानाचं जंगल. सर सुट्टीच्या दिवशी पहाटे बोर्ड घेऊन या परसात बसतात. चित्रकारांच्या बोलीत याला आउटडोअर म्हणतात.

सरांचं म्हणणं असं की, नव्या गावात रुजायचं तर उघड्यावर बसून चित्र काढण्यासारखा दुसरा उपाय नाही. मावशींचं म्हणणं, चित्र काढणारा गावाकडं बघत बसतो, आणि बघत बसून कुणी गावचा होत नाही.

"आलो तेव्हा शाळा सुटली की मी खोलीला कडी घालून बसायचो," सर सांगतात. "बोलायचं काय आणि कुणाशी? इथं चौकात चार माणसं उभी असली तर तीन भाषा चालू असतात. मावशींची मराठी वेगळी, शेजारी गोरमाटी, बाजारात गोंडी आणि कोलामी, वरून तेलुगू. मग एकदा बोर्ड घेऊन परसात बसलो. अर्ध्या तासात कुंपणाला पोरं लटकली. तिसऱ्या खेपेला त्यांचे बापही यायला लागले. मी गावाला बघत होतो खरं, पण त्याहून जास्त गाव मला बघत होतं."

"पोरं मदाऱ्याभोवतीबी जमतेत," मावशी म्हणाल्या. "म्हणून मदारी गावचा झाला का?"

"गावचा होत नाही. पण त्याला कुणी हटकत नाही. माणूस काय करतोय ते डोळ्यांसमोर दिसत असलं की भ्या जातंय, मावशी. मी दार लावून बसलो असतो तर तुम्हीच म्हटला असता, सर आत काय करतेत कुणाला ठाऊक."

"म्हटलंच होतं की."

सरांना यात आपला विजय दिसला. मग त्यांनी इतिहास काढला. उघड्यावर बसून रंगवणं सोपं झालं ते पत्र्याच्या नळीत रंग मिळायला लागल्यावर. ही नळी 1841 मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकी चित्रकारानं काढली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. टाचणीनं भोक पाडायचं, रंग काढायचा, भोक बुजवायचं. नळी आली तसे चित्रकार शेताबांधावर दिसू लागले.

"म्हणजे घरात बसून होत होतं ते काम उगं बाहेर आणलं," मावशींनी निकाल दिला.

या पहिल्या फेरीत माझा कौल सरांकडे आहे. परसात बसल्यामुळे त्यांचं गावाशी जे जुळलं त्यातलं बरंचसं बोलण्यातून जुळलेलं नाही, ते अडचणीतून जुळलंय. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा 45 च्या वर सहज. जलरंगाला हे हवामान वैरी. आकाशाचा निळा वॉश डावीकडून सुरू करावा, तर ब्रश उजवीकडे पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून त्याला कड धरलेली असते. मग आकाशात उभ्या पट्ट्या दिसतात, जणू कुणी पत्रे ठोकलेत. सरांनी पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकून पाहिले. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं, हे खरं, पण एप्रिलच्या झळांपुढे तेही टिकेना. मावशी हे सगळं भांडी घासता घासता बघत होत्या. उठल्या, रांजणाखालचं ओलं पोतं काढलं आणि बोर्डावर कागदाखाली घालायला दिलं. सरांनी कागद मागच्या बाजूनं भिजवला, पोत्यावर पसरला आणि आकाश एका दमात उतरलं.

"ते चित्रासाठी नव्हतं दिलं," मावशी आजही बजावतात. "उन्हात तुमची तगमग बघवंना म्हणून दिलं."

हिरव्याचंही तसंच. सरांच्या पेटीत सॅप ग्रीनची नळी आहे आणि पहिल्या पावसाळ्यात त्यांनी ती सगळ्यावर सारखीच चालवली. मावशींनी कमरेवर हात ठेवून चित्र पाहिलं. "तूर आन् साग एकाच हिरव्यात? सागाच्या पानावर राख असती, सर. तुरीला निळी झाक असती. आन् हे वालाचं तर तुम्ही नुसतं पोपटी करून ठेवलंय." सरांनी पिवडी मिसळली, थोडा निळा मिसळला, पुन्हा दाखवलं. परीक्षक इतका कडक इंटरमिजिएटलाही नव्हता म्हणे. मावशींच्या नातीनं तर सागाचं कोवळं पान खुडून तळहातावर चोळलं. हिरव्या पानातून लालभडक रस निघाला आणि तिनं तो अंगठा सरळ चित्राच्या कोपऱ्यात उमटवला. सर दिवसभर त्या ठशाकडे बघत होते. "सागवान मी कोल्हापुरात दाराखिडक्यांतच बघितला होता," म्हणाले. "त्याच्या पोटात लाल असतंय हे मला तिथं कोण सांगणार?"

पण असं काही घडलं की सरांचा धीर चेपतो आणि ते मोठी नावं काढतात. मावशींपुढे मोठी नावं काढू नयेत. एका सकाळी त्यांनी मोबाइलवर क्लोद मोनेची कमळं दाखवली.

मोने 1883 मध्ये पॅरिसपासून दूर जिव्हेर्नी नावाच्या खेड्यात भाड्याच्या घरात राहायला आला. 1890 मध्ये ते घर त्यानं विकत घेतलं. बाग केली, आणि मरेपर्यंत, म्हणजे 1926 पर्यंत, तीच बाग रंगवत राहिला. एकट्या कमळांचीच त्याची सुमारे अडीचशे तैलचित्रं आहेत. "बघा," सर म्हणाले, "परक्या गावात आला, परसात बसून चित्रं काढली, आणि आज त्या गावाची ओळख काय? तर मोनेचं गाव."

"कमळाला पाणी कुठनं आणलं?" मावशींनी विचारलं.

सर गप्प. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी सांगितलं. 1893 मध्ये मोनेनं बागेलगतची थोडी जमीन घेतली आणि तिथून वाहणाऱ्या ओढ्याचं पाणी तळ्यात वळवायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. हा बाहेरचा माणूस कुठली तरी परदेशी झाडं लावणार, पाणी खराब होणार, खाली धुणं धुणाऱ्या बायकांचं आणि जनावरांचं काय? मोने चिडला. ही झाडं तर आपल्या नदीकाठी आपसूक वाढणारी आहेत, असं त्यानं वरच्या अधिकाऱ्याला लिहून कळवलं, आणि काही महिन्यांत परवानगी मिळवली.

"गावकऱ्यांचं बरोबर होतं," मावशी ताडकन म्हणाल्या. "पाणी वरच्यानं अडवलं की खालच्यानं काय करायचं? आन् वरच्या साहेबाकडं गेला की नाही? गावात बसून बोलला असता तर."

"पण मावशी, चित्रं..."

"चित्रं चांगली असतील. मी पाण्याचं बोलायले."

उन्हाळ्यात पहाडावर पाण्याची काय ओढाताण होते ते ज्यानं पाहिलंय त्याला मावशी जिव्हेर्नीच्या शेतकऱ्यांच्या बाजूनं का उभ्या राहिल्या हे सांगावं लागणार नाही. मोनेची चित्रं मला आवडतात, तरी त्या दिवसापासून कमळांखालचं ते पाणी कुणाच्या वाट्याचं होतं हा विचार डोक्यातून जात नाही. सरांनी मग घरचं नाव काढलं, आबालाल रहिमान. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला मोठा चित्रकार, शाहू महाराजांचा आश्रय होता, तरी कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठावर फकिरासारखा राहून निसर्गचित्रं काढत राहिला. 1922 मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यानं चित्रांचे गठ्ठे तळ्यात सोडून दिले, असं कोल्हापूरकर सांगतात.

"एकटाच राहायचा?"

"हो."

"मग तुमच्या बाजूनं तो कसा? तुम्ही तर म्हणायलाव, बाहेर बसलं की माणसं जोडली जातेत." मावशींचा मुद्दा बिनतोड होता. सरांनी दाखला दिला तोच त्यांच्यावर उलटला. वर मावशींनी तळ्यात गेलेल्या चित्रांबद्दल हळहळही व्यक्त केली, "इतका चांगला कागद".

मग मला वाटलं, या वादाला जवळचा दाखला हवा. पहाडाच्या दक्षिणेला, आता तेलंगणात गेलेल्या डोंगरांत, मारलावाई नावाचं गोंडांचं गाव आहे. 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांच्या उठावाचा नेता कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर गोंड का उठले हे तपासायचं काम निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला दिलं. माणूस ऑस्ट्रियाचा. युद्धामुळे इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा, त्यामुळे त्याला हैदराबाद संस्थानाबाहेर मोकळं फिरता येत नव्हतं. तो पत्नीसह मारलावाईत झोपडी बांधून राहिला. सण, लग्नं, मर्तिकं बघितली, फोटो काढले, वह्या भरल्या. गोंडी मुलांसाठी गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र त्याच गावात सुरू झालं. त्याच्या आग्रहावरून सरकारनं गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे दिले. त्याच्या पत्नीची समाधी आजही मारलावाईत आहे.

"हे बघा," सर हुशारले. "हा तर नुसता बघायलाच आलेला माणूस. त्याचं कामच बघायचं. तरी गावचा झाला."

"पट्टे दिले म्हणून झाला," मावशी म्हणाल्या. "फोटोसाठी कुणी समाधी जपत नाही."

"पण बघितल्याशिवाय पट्टे मागणार कसे? कुणाचं शेत कुठं, कुणाचं हिसकावलं, हे आधी डोळ्यांनी बघावंच लागतंय की."

मावशी थोडा वेळ शेंगा सोलत राहिल्या. "तसं असलं तर मग बघा," म्हणाल्या. "पण बघून काय करणार ते आधी सांगा. तुमचं तर तीन वर्षं झाली की अर्ज."

हा घाव वर्मी बसला. आमची शाळा अवघड क्षेत्रात मोडते. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा हक्क मिळतो, आणि सरांचं लक्ष त्याही पुढे, आंतरजिल्हा बदलीवर आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. याच तालुक्यात पालडोहची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे 365 दिवस चालते म्हणून राज्यभर गाजली. तिथला दाखला मावशी अधूनमधून आम्हा दोघांनाही ऐकवतात. सुट्टीच्या दिवशी शिक्षक कुठे असतो यावरून गाव त्याला तोलतं. सर सुट्टीत गावातच असतात, हे खरं. पण हातात बोर्ड असतो.

सरांनी उलट विचारलं, "तुमच्या वडिलांनी तरी आल्या वर्षी कायमचं राहायचं ठरवलं होतं का? दोन पावसाळे बघू आणि मुखेडला जाऊ, असं म्हणाले होते. तुम्हीच सांगितलंत."

"म्हणाले होते. पण परत जायला तिकडं काही उरलं नव्हतं. तुम्हाला हाय."

इथे माझ्या मते मावशी जिंकल्या. परतीची वाट असलेल्याचं रुजणं आणि नसलेल्याचं रुजणं यांना एका तागडीत घालता येत नाही. सरांनी कितीही जीव ओतला तरी त्यांना इथला उन्हाळा हौसेनं सोसता येतो. मावशींच्या बापाला तो तसाच सोसावा लागला. पहिल्या वर्षी झाडाखाली चूल होती. मीठ कुठे मिळतं, झरा कुठे आहे, रात्री कुठल्या बाजूला जायचं नाही, हे कोलामांच्या गुड्यावर जाऊन विचारावं लागलं. "ओळख आम्ही मागून घेतली," मावशी म्हणतात. "तुमच्यासारखी बसल्या जागी चालत आली नाही."

खरी ठिणगी मात्र कार्तिकात पडली. वालाला जांभळी फुलं आलेली, तूर पिवळी झालेली, कापूस फुटलेला. सरांनी कुंपणाकडून उताराचं चित्र काढलं. मावशींचं शेत, पलीकडचं शेत, मधला धुरा आणि धुऱ्यावरचं मोहाचं जुनं झाड. चित्र मला फार आवडलं. मावशी आल्या, बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे झाड इथं कसं आलं?"

सरांनी समजावलं. झाड होतं त्या जागी काढलं असतं तर ते कागदाच्या कडेला गेलं असतं, चित्र एका बाजूला कललं असतं. म्हणून कंपोझिशनसाठी त्यांनी ते दोन बोटं डावीकडे घेतलं. सगळेच चित्रकार घेतात. झाड, झोपडी, बैलगाडी, कुणाचीही जागा थोडी बदलता येते.

"दोन बोटं म्हणजे शेतात किती झालं?"

"अं?"

"झाडाच्या अलीकडं आमचं, पलीकडं दुसऱ्याचं. झाड अलीकडं सरकवलं म्हणजे आमचं अर्धं शेत तुम्ही त्याला देऊन टाकलं की."

"मावशी, हे चित्र आहे. मोजणीचा नकाशा नाही."

"नकाशा आमच्याकडं नाहीच ना, सर. म्हणून तर जे कागदावर येईल त्याला लोक नकाशा म्हणतेत."

बाहेरच्या वाचकाला हे भांडण पोरकट वाटेल. पण पहाडावर बहात्तरनंतर आलेल्या कितीतरी कुटुंबांकडे पन्नास वर्षं कसलेल्या जमिनीचा कागद नाही. घराचा नमुना आठ आहे, शेताचा सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा लोकांना आशा वाटली. त्या कायद्यात आदिवासींसाठी अट अशी की, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात हवी. इतर पारंपरिक वननिवासींसाठी मात्र त्या तारखेच्या आधी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. हिशेब केला तर 1930. त्या साली मावशींचे आजोबा मुखेडात ज्वारी काढत होते. त्यामुळे हजारदा बांध घातला, दगड वेचले, विहीर खणली तरी मावशींचं शेत कागदावर जंगलच. शेताची हद्द सांगायला उरतात ती झाडं, दगड आणि म्हाताऱ्यांची आठवण. याच तालुक्यात सीमेवरच्या वादातल्या चौदा गावांत उलटी तऱ्हा आहे. तिथे लोकांकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड आहे आणि तेलंगणाचंही, दोन्हीकडच्या मतदारयादीत नावं आहेत. कुठे कागद दुप्पट, तर कुठे एकही नाही.

अशा मुलुखात झाड दोन बोटं सरकवण्याची मोकळीक चित्रकाराला असते की नसते, हा प्रश्न मला कलेच्या पुस्तकांपेक्षा मोठा वाटला. सरांनाही वाटला असावा, कारण त्यांनी हट्ट सोडून निराळीच गोष्ट विचारली.

"या कायद्यात पुरावा म्हणून काय काय चालतं?"

मी सांगितलं. नियमांत यादी आहे. जनगणना, गॅझेटिअर, नकाशे, उपग्रहाची छायाचित्रं. जमिनीवरची घरं, बांध, बंधारे यांसारख्या खुणा. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब.

"चित्र?"

"चित्राचा उल्लेख नाही."

"असता तरी तुमचं चाललं नसतं," मावशी म्हणाल्या. "झाड चुकीच्या जाग्यावर हाय."

पण एक गोष्ट सरांच्या बाजूनं नोंदवायला हवी. त्या झाडाची कहाणी मावशींनी आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. बापानं धुरा कसा ठरवला, पलीकडच्या शेतकऱ्याशी भांडण कसं झालं, दोघांनी झाडाला हात लावून शपथ कशी घेतली. मी इतकी वर्षं त्यांच्या घरी चहा पितोय, पण हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. चुकीचं चित्र समोर आलं तेव्हाच ते बाहेर पडलं. सर हे बोलले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत तेच होतं.

त्यातच गुड्यावरची कोलाम आजी टोपल्या आणि सुपं घेऊन आली. कोलाम म्हणजे कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर सरकारनं महाराष्ट्रात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन जमातींपैकी एक. आजी दर हंगामात येते. मावशी तिच्याकडून सूप घेतात आणि बदल्यात तूर देतात. पैशाचा व्यवहार फार कमी. चैत्रात त्या मोहाखालची फुलं वेचायचा मान आजीच्या घराचा आहे, त्यात मावशी कधी पडत नाहीत.

मावशींनी तिलाच पंच केलं. "आजी, बघा बरं, झाड हाय त्या जाग्यावर हाय का?"

आजीनं टोपल्या खाली ठेवल्या, चित्र हातात घेतलं, आडवं केलं, पुन्हा उभं केलं. मग उताराकडे बघितलं.

"झाड जुनं," ती म्हणाली. "आमच्या बापाच्या आधीचं. धुरा मागून आला."

मावशींनी यावर वाद घातला नाही. इतर वेळी दोन वाक्यांत समोरच्याला गारद करणारी बाई, पण त्या क्षणी नुसतं "ते खरं हाय" म्हणाली आणि आत जाऊन तुरीची पायली घेऊन आली. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बघणं टाळलं. आजीच्या वाक्याचा अर्थ काढत बसलो तर आम्हा तिघांपैकी कुणालाच ते सोयीचं नव्हतं. सर आता आले, मावशी बहात्तरला आल्या, आणि माझं गाव तर तिसऱ्या जिल्ह्यात. आजीला त्यातलं काहीच म्हणायचं नसेलही. तिला कदाचित चैत्रातल्या फुलांची काळजी असेल. झाड सरकलं तर फुलंही सरकली.

सूप घेऊन झालं, आजी पुढच्या घराकडे गेली. मावशी पुन्हा चित्रापाशी आल्या.

"आता हे झाड जाग्यावर घ्या."

"मावशी, जलरंग आहे. एकदा लागला की लागला. खोडायचं म्हटलं तर कागद फाटतोय. सगळं नव्यानं काढावं लागेल."

"काढा की मग. कागद आणा गडचांदुराहून."

"तिथं चांगला कागद मिळत नाही. चंद्रपूरला जावं लागतंय."

"जावा. चंद्रपूरला जायलाच लागलाव तर आमच्या वनहक्काच्या अर्जाचं काय झालं तेबी विचारून या, तिथंच हापीस हाय." मावशींनी कमरेला कापसाची ओटी बांधली आणि कुंपणाची काटी बाजूला सारली. "आन् सावकाश काढा. तुम्हाला कुठं कापूस वेचायला जायचंय."